मालगाडी नेमकी कोणाची? चंद्रपूर–वणी–गडचांदूर पट्ट्यातल्या सायडिंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राजुरा, कोरपना, घुग्घूस, वणी, भद्रावती या भागात कोळसा आणि सिमेंट ट्रकने दिसतं त्याहून कितीतरी जास्त रेल्वेने जातं. ग्रामसभा असो की पानटपरी, त्यावरून वाद झाला की सगळे "कंपनी" हा एकच शब्द वापरतात. पण रूळ एकाचा, डबा दुसऱ्याचा, इंजिन तिसऱ्याचं आणि आतला माल चौथ्याचा असा हा मामला आहे. कोणतं काय कोणाचं हे न समजल्यामुळे निवेदनं भलत्याच साहेबाच्या टेबलावर पडून राहतात. म्हणून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

डब्यावर कंपनीचं नाव हाये, मग गाडी कंपनीचीच ना?

बहुतेक वेळा नाही. मुख्य मार्गाचा रूळ भारतीय रेल्वेचा. इंजिन रेल्वेचं. लोको पायलट आणि ट्रेन मॅनेजर (२०२२ पर्यंत ज्यांना आपण गार्ड म्हणत होतो) रेल्वेचे नोकर. गाडी कधी सुटेल, कुठे थांबेल हे कंट्रोल रूम ठरवते, तीही रेल्वेचीच. डबे बहुतांशी रेल्वेचे असतात, पण काही कंपन्यांनी पैसे घालून घेतलेले असतात आणि नाव त्यांच्यावरच दिसतं. माल कोणाचा हे रेल्वे रिसीट, म्हणजे सगळे जिला आरआर म्हणतात, तिच्यावर लिहिलेलं असतं. कारखान्याच्या किंवा खाणीच्या फाटकाच्या आतले रूळ तेवढे कंपनीचे.

सायडिंग म्हणजे कुठून कुठपर्यंत?

मुख्य मार्गावरच्या स्टेशनातून कारखान्याकडे, खाणीकडे किंवा वीज केंद्राकडे जो फाटा जातो तो. त्यासाठी रेल्वे आणि कंपनी यांच्यात करार होतो आणि हद्दीचा एक बिंदू ठरतो. त्या बिंदूच्या अलीकडे देखभाल रेल्वेची, पलीकडे रूळ, स्लीपर, गिट्टी, नाल्या, सगळा खर्च कंपनीचा. पलीकडच्या रुळाचीही तपासणी मात्र रेल्वेचे अभियंते करतात, कारण त्यावरून धावणारे डबे उद्या मुख्य मार्गावर येणार असतात.

शेतात पाणी साचलं, मोरी बुजली, रस्ता तुटला, अशा वेळी पहिली विचारपूस हीच करायची: ही जागा हद्दीच्या कोणत्या बाजूला आहे? तलाठ्याकडचा नकाशा आणि सातबारा घेऊन बसलं की बऱ्यापैकी कळतं.

कंपनीला स्वतःचे डबे घेता येतात का?

येतात. १९९२ मध्ये "ओन युअर वॅगन" योजना आली, २००८ मध्ये सुधारित गुंतवणूक योजना, आणि २०१८ मध्ये सर्वसाधारण डब्यांसाठी आणखी एक. डबे कंपनीने घ्यायचे, रेल्वेने ते चालवायचे आणि काही वर्षं भाड्यात सवलत द्यायची, असा साधारण व्यवहार. कंपनीला सवलतीपेक्षा महत्त्वाची गोष्ट वेगळी असते: हंगामात डबे मिळत नाहीत तेव्हा स्वतःचा रेक (म्हणजे एका मालगाडीच्या डब्यांचा पूर्ण संच) फिरत राहतो. कोळशाची टंचाई आली की कोणाला रेक आधी मिळाला यावरून जी ओरड होते, ती आठवली की हे पटेल.

आणि इंजिन?

कारखान्याच्या आत डबे इकडून तिकडे ढकलायला कंपनीचं छोटं शंटिंग इंजिन असतं. मुख्य मार्गावर ते येत नाही. तिथे रेल्वेचंच इंजिन लागतं. गोंधळ होतो तो वॅग-१२ बी या नव्या १२,००० अश्वशक्तीच्या जुळ्या इंजिनामुळे. ही इंजिनं बिहारमधल्या मधेपुऱ्याला अल्स्टॉम आणि भारतीय रेल्वेच्या संयुक्त कंपनीत बनतात, ८०० इंजिनांचा करार आहे, आणि त्यांच्या देखभालीचा एक डेपो आपल्या नागपुरात आहे. बनवणारी कंपनी खासगी भागीदारीतली असली तरी चालवणारी रेल्वेच.

कंटेनरची गोष्ट थोडी निराळी. आधी कंटेनर गाड्यांचं काम १९८८ मध्ये स्थापन झालेली कॉन्कॉर ही सरकारी कंपनी पाहत होती. २००६ च्या धोरणाने खासगी कंपन्यांनाही परवाने मिळाले. त्यांचे डबे, त्यांचे कंटेनर, गिऱ्हाईकही त्यांचं. इंजिन आणि लोको पायलट तरीही रेल्वेचाच.

एका रेकमध्ये माल किती? ट्रकच का नाही वापरत?

कोळशाच्या उघड्या डब्याला बॉक्सएन म्हणतात. अशा ५८–५९ डब्यांच्या रेकमध्ये साधारण ३,५०० ते ४,००० टन कोळसा बसतो. पंचवीस टनांचा ट्रक धरला तर एका गाडीमागे दीडशे ट्रक. घुग्घूस–वणी रस्त्यावर उरलेसुरले ट्रक जी अवस्था करतात ती पाहिलेल्याला आणखी दीडशे ट्रकचा अर्थ सांगायला नको. सिमेंट बंद डब्यांतून जातं. जुन्या बीसीएन डब्यांच्या रेकमध्ये सुमारे २,६०० टन, म्हणजे पन्नास किलोची ५२,००० पोती.

चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट. पूर्ण क्षमतेने चाललं तर दिवसाला सात कोटी युनिट. एका युनिटला साधारण ६५० ते ७०० ग्रॅम कोळसा धरा, की रोज पंचेचाळीस ते पन्नास हजार टन होतो. रेकमध्ये मोजलं तर बारा-तेरा. जवळच्या खाणींतून तिथे इतर मार्गांनीही कोळसा येतो, त्यामुळे प्रत्यक्षात इतके रेक लागतातच असं नाही. पण गोंदिया जिल्ह्यातल्या तिरोड्याच्या अदानींच्या ३,३०० मेगावॉटच्या केंद्राला किंवा मौद्याच्या एनटीपीसीला शेजारी खाण नाही, त्यांचं पोट रेल्वेवरच. देशात रेल्वेने २०२३-२४ मध्ये सुमारे १५९ कोटी टन माल वाहिला, त्यातला जवळपास निम्मा कोळसा होता.

मालगाडी आमच्या फाटकावर घंटा-घंटा उभी राहते. काहून?

कारणं तीन-चार असतात. नागपूर–बल्लारशा हा दिल्ली–चेन्नई मार्गाचा भाग आहे. राजधानी, सुपरफास्ट, एक्स्प्रेस गेल्याशिवाय मालगाडीला सिग्नल मिळत नाही. तिसऱ्या लाईनचं काम त्यासाठीच चालू आहे. दुसरं कारण सायडिंग भरलेली असणं. आधीचा रेक रिकामा झाला नाही तर पुढच्याला बाहेर थांबावं लागतं. तिसरं, लोको पायलटच्या ड्युटीचे तास संपणं. दुसरा माणूस येईपर्यंत गाडी हलत नाही, आणि तो नियम सुरक्षेसाठी आहे.

यातलं दुसरं कारण कंपनीच्या हातात असतं. रेक रिकामा करायला ठरावीक तास मोफत मिळतात. त्यापुढे डब्यामागे, तासाप्रमाणे डेमरेज, म्हणजे उशिराचा आकार लागतो. वीज केंद्रात वॅगन टिपलर एकेक डबा उचलून आडवा करतो आणि कोळसा खाली ओततो. पावसाळ्यात ओला कोळसा डब्याला चिकटून बसतो, बाहेर यायला तयार नसतो, मग माणसं लावून खरवडावा लागतो. खालून दार उघडणाऱ्या डब्यांना हा त्रास कमी. रात्री दोन वाजता सायडिंगवर जो आरडाओरडा ऐकू येतो तो बहुधा या डेमरेजच्या भीतीचा असतो.

उभ्या गाडीखालून वाकून पलीकडे जाणं हा आपल्याकडचा जुना रोग. गाडी कधीही झटका मारते. शिवाय रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ खाली रुळावरचा अनधिकृत प्रवेश हा गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

एवढी मोठी गाडी कुठे जाते? परवा तर संपतच नव्हती.

दोन-तीन, कधी त्याहून जास्त रेक जोडून चालवण्याचा प्रयोग दक्षिण पूर्व मध्य रेल्वेवर बऱ्याचदा होतो. १५ ऑगस्ट २०२२ ला "सुपर वासुकी" नावाची साडेतीन किलोमीटर लांबीची, २९५ डब्यांची गाडी कोरब्याहून २७,००० टन कोळसा घेऊन राजनांदगावला आली. राजनांदगाव त्या रेल्वेच्या नागपूर विभागात येतं. रोजच्या गाड्या एवढ्या नसतात.

मोठ्या उद्योगसमूहांना रेल्वे स्वतःची का हवी असते?

खाण, रेल्वे, बंदर, वीज केंद्र, सिमेंट कारखाना ही साखळी एकाच समूहाकडे असली की मधली प्रत्येक थांबण्याची जागा त्याच्या ताब्यात येते. माल कधी पोहोचेल हे ठरवता येतं, आणि एका कंपनीचा वाहतूक खर्च समूहातल्या दुसऱ्या कंपनीचं उत्पन्न होतो.

अदानी समूह याचं ठळक उदाहरण. मुंद्रा बंदरापासून आदिपूरपर्यंतचा ६४ किलोमीटरचा मार्ग त्यांनी बांधला. छत्तीसगडमधला सरगुजा रेल कॉरिडॉर, जो परसा ईस्ट केते बासनच्या खाणींचा कोळसा मुख्य मार्गापर्यंत आणतो, तोही याच समूहातल्या कंपनीचा. तिथली खाण राजस्थानच्या सरकारी वीज निर्मिती कंपनीची आहे, खोदकाम अदानींकडे.

याच समूहाने ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये कारमायकल खाणीसाठी सुमारे २०० किलोमीटरचा रूळ टाकला आणि बोवेन रेल कंपनी नावाची स्वतःची वाहतूक कंपनी काढली. त्या २०० किलोमीटरवर रूळ, इंजिन, डबे, चालक, सगळं घरचं. तोच समूह तिरोड्यात आला की सायडिंगच्या फाटकाबाहेर त्याचं इंजिन पाऊल टाकू शकत नाही. समूह मोठा की छोटा यापेक्षा देशाचा कायदा काय म्हणतो यावर हे अवलंबून असतं.

परदेशात सगळीकडे असंच आहे का?

प्रत्येक देशाचं वेगळं. अमेरिकेत रूळ, इंजिन, चालक सगळं खासगी कंपनीचंच असतं. बीएनएसएफ ही तिथली प्रचंड रेल्वे २०१० पासून वॉरेन बफे यांच्या बर्कशायर हॅथवे समूहाची आहे. यू. एस. स्टील या पोलाद कंपनीची कहाणी जास्त बोलकी आहे. तिने कारखान्यांना माल पुरवणाऱ्या आपल्या रेल्वे १९८८ मध्ये ट्रान्सस्टार या नावाखाली एकत्र करून निम्म्याहून जास्त हिस्सा विकला, २००१ मध्ये त्यातल्या काही परत घेतल्या, त्यातली शिकागोभोवतीची एक २००९ मध्ये कॅनेडियन नॅशनलला ३० कोटी डॉलरला दिली, आणि उरलेली ट्रान्सस्टार २०२१ मध्ये ६४ कोटी डॉलरला फोर्ट्रेस समूहातल्या कंपनीला. विकल्यावरही कारखान्यांची वाहतूक त्याच रेल्वेकडे ठेवायचा करार केलाच. पैसा अडकला की रेल्वे विकायची, पण गाडी आपल्या दारातून हलू द्यायची नाही!

एकाच मालकाकडे खाण आणि रेल्वे असल्याचा धोका अमेरिकेने फार लवकर ओळखला. १९०६ च्या हेपबर्न कायद्यात अशी तरतूद आली की रेल्वेकंपनीने स्वतः उत्पादन केलेला माल, लाकूड वगळता, आपल्या रेल्वेने राज्याबाहेर वाहू नये. कारण कोळशाच्या खाणी असलेल्या रेल्वे प्रतिस्पर्धी खाणवाल्यांना डबेच देत नसत. ऑस्ट्रेलियात उलटं घडलं. पिलबारा भागात रिओ टिंटो आणि बीएचपी यांचे स्वतःचे लोहमार्ग आहेत. फोर्टेस्क्यू या नव्या कंपनीने त्यावरून आपलं लोहखनिज नेऊ द्या म्हणून वर्षानुवर्षं भांडण केलं, आणि शेवटी स्वतःचाच रूळ टाकून २००८ मध्ये माल बाहेर काढला. आपल्याकडे मुख्य मार्ग सरकारचा असल्याने एका कंपनीने दुसरीची वाट अडवायचा प्रश्न तिथे येत नाही. सायडिंगवर मात्र येतो.

विदर्भात कधी खासगी रेल्वे होती का?

होती, आणि तीही एका उद्योगसमूहाची. मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरकडे जाणारी, आणि पुलगाव–आर्वीची, ती शकुंतला. किलिक निक्सन या मुंबईतल्या इंग्रज व्यापारी पेढीच्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीची ही नॅरोगेज. वऱ्हाडातला कापूस मोठ्या लाईनवर आणायचा, तिथून मुंबई बंदर आणि पुढे मँचेस्टर, हा तिचा धंदा. स्वातंत्र्यानंतर बाकीच्या रेल्वे सरकारजमा झाल्या, ही राहून गेली. गाडी चालवायची मध्य रेल्वेने आणि मालकी खासगी कंपनीची, असा व्यवहार कित्येक दशकं चालला. यवतमाळच्या मार्गावरचं वाफेचं इंजिन १९९४ मध्ये गेलं आणि डिझेल आलं.

त्या काळी एकच पेढी रेल्वे, सिमेंट, गिरण्या असं सगळं सांभाळायची. १९३६ मध्ये टाटा, खटाव, किलिक निक्सन आणि एफ. ई. दिनशॉ या चार गटांच्या सिमेंट कंपन्या एकत्र येऊन एसीसी झाली. म्हणजे शकुंतलेचा मालक आणि घुग्घूसच्या एसीसीचा एक पूर्वज एकाच घरातले. रेल्वे आणि सिमेंट एका हातात असणं आपल्याकडे अदानी-बिर्लांनी आणलेलं नाही.

कारखाना विकला गेला की सायडिंगचं काय होते?

सायडिंग कारखान्यासोबत जाते. करारावरचं नाव बदलतं, रेल्वेची संमती घ्यावी लागते. आपल्या पट्ट्यात हे सतत होतंय. आवारपूरचा कारखाना एल अँड टीचा होता, २००४ नंतर तो अल्ट्राटेक म्हणून आदित्य बिर्ला समूहात गेला. गडचांदूरचा माणिकगड सिमेंट सेंच्युरीचा, तो २०१९ मध्ये अल्ट्राटेककडे. उपरवाहीचा मराठा सिमेंट (अंबुजा) आणि घुग्घूसचा एसीसी हे दोन्ही २०२२ मध्ये होल्सिमकडून अदानी समूहाकडे आले. नारंड्याचा मुरली दालमियांनी घेतला.

गावाच्या दृष्टीने यातली अडचण अशी, की जुन्या मालकाने तोंडी दिलेली आश्वासनं (भुयारी रस्ता करून देऊ, नाली बांधून देऊ) नव्या मालकाच्या कागदात नसतात. ग्रामपंचायतीच्या ठरावात आणि कंपनीच्या लेखी उत्तरात जे आहे तेच पुढे चालतं.

कंपनीच्या सायडिंगवर आमच्या कापसाच्या गाठी चढवता येतील का?

साध्या खासगी सायडिंगवर सहसा नाही, ती मालकाच्या मालासाठी असते. २०१० चं खासगी फ्रेट टर्मिनलचं धोरण आणि डिसेंबर २०२१ चं गतिशक्ती कार्गो टर्मिनलचं धोरण यांनी दार उघडलं. अशा टर्मिनलवर इतरांचा मालही घेता येतो. सप्टेंबर २०२२ मध्ये कार्गो टर्मिनलसाठी रेल्वेच्या जमिनीचं वार्षिक भाडं बाजारभावाच्या ६ टक्क्यांवरून दीड टक्क्यावर आणलं आणि मुदत ३५ वर्षांपर्यंत केली. तरी खरी अडचण पूर्ण रेक भरण्याची आहे. एका जिनिंगवाल्याकडे दोन-तीन हजार टन माल एका दिवशी तयार नसतो, म्हणून तो ट्रकच बोलावतो. फळांसाठी २०२० मध्ये किसान रेल सुरू झाली, पहिली ७ ऑगस्टला देवळालीहून दानापूरला. आपल्या संत्र्यालाही त्यात गाडी मिळाली होती. पण ती पार्सलची वाहतूक, सायडिंगशी तिचा संबंध नाही.

सायडिंगसाठी जमीन जाणार म्हणतात. आमची संमती लागते का?

जमीन कोण घेतो यावर. कंपनीने थेट खरेदी केली तर तो तुमचा-तिचा सौदा, विकायची नसेल तर नाही. सरकारने खासगी कंपनीसाठी २०१३ च्या भूसंपादन कायद्याने घेतली तर ८० टक्के बाधित कुटुंबांची संमती लागते, सरकारी-खासगी भागीदारीत ७० टक्के. पण वेकोलिसाठी (वेस्टर्न कोलफिल्ड्स, इथली सरकारी कोळसा कंपनी) कोळसा धारक क्षेत्र कायदा १९५७ खाली किंवा रेल्वेसाठी रेल्वे कायद्याखाली घेतली तर संमतीची अट नाही. मोबदला आणि पुनर्वसनाच्या तरतुदी मात्र त्यांनाही लागू आहेत. म्हणून नोटीस हातात आली की आधी कायद्याचं नाव वाचा, रकमेचा आकडा नंतर. आदिवासी खातेदाराची जमीन असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम ३६ आणि ३६-अ आडवं येतं. जिल्हाधिकाऱ्यांच्या आणि पुढे सरकारच्या परवानगीशिवाय ती बिगर-आदिवासीकडे जात नाही.

कोळशाच्या धुळीने तुरी काळ्या झाल्या. कोणाला धरायचं?

सायडिंग चालवणाऱ्याला. तक्रार महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या चंद्रपूर कार्यालयात, सोबत कृषी सहायक आणि तलाठ्याचा पंचनामा. पंचनामा नसेल तर पुढे काही सिद्ध होत नाही. चंद्रपूर २००९ च्या प्रदूषण निर्देशांकात ८३.८८ गुणांसह देशातल्या अतिप्रदूषित क्षेत्रांत होतं, त्यामुळे पाणी मारणं, ताडपत्री, झाडांची भिंत या अटी नव्या नाहीत. मार्चनंतर पाण्याचे टँकर दिसेनासे होतात हे सगळ्यांनाच माहीत आहे. टँकर नसलेल्या दिवसाचे तारखेसह फोटो ठेवा.

रेल्वेची तक्रार नागपूरलाच करायची ना?

कोणत्या नागपूरला? नागपुरात दोन डीआरएम, म्हणजे विभागीय रेल्वे व्यवस्थापक आहेत, एक मध्य रेल्वेचे, एक दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचे. चंद्रपूरचं मुख्य स्टेशन, बल्लारशापर्यंतचा मार्ग आणि माजरी–वणी–पिंपळखुटी हे मध्य रेल्वेकडे. चांदा फोर्ट, नागभीड, गोंदियाचा मार्ग दक्षिण पूर्व मध्यकडे. आणि बल्लारशाच्या पुढे माणिकगड, म्हणजे गडचांदूरच्या सिमेंटवाल्यांचा फाटा जिथून निघतो ते स्टेशन, दक्षिण मध्य रेल्वेच्या सिकंदराबाद विभागात. राजुऱ्याच्या माणसाचं निवेदन नागपूरला गेलं तर ते "हे आमच्याकडे येत नाही" या शेऱ्यासह परत येतं. सुरुवातीला रेल्वेच्या १३९ या हेल्पलाइनवर नोंद करून क्रमांक घ्यावा.

माहिती अधिकारात कंपनीचा करार मिळतो का?

खासगी कंपनीला थेट अर्ज करता येत नाही. वेकोलि, महानिर्मिती, रेल्वे यांना करता येतो. सायडिंगच्या कराराची प्रत रेल्वेकडे असते. व्यापारी गोपनीयतेचं कलम पुढे करून नकार मिळू शकतो, म्हणून अख्खा करार न मागता हद्दीचा नकाशा, देखभालीची जबाबदारी आणि पाण्याच्या निचऱ्याची कलमं एवढंच मागितलं तर मिळण्याची शक्यता बरी.

सूरजागडचं लोहखनिज रेल्वेने का नाही जात?

कारण गडचिरोली शहरापर्यंत अजून रेल्वेच नाही. जिल्ह्यात स्टेशन आहे ते वडसा-देसाईगंजचं. वडसा–गडचिरोली मार्गाचं काम सुरू आहे. तिथली खाण असलेल्या लॉइड्स मेटल्सने दरम्यान हेडरी ते कोनसरी सुमारे ८५ किलोमीटरची नळवाहिनी टाकली, लोहखनिजाचा बारीक गाळ पाण्यासोबत त्यातून जातो.

गडचांदूरपर्यंत रूळ हायेच, मग प्रवासी गाडी का नाही?

तो रूळ सिमेंटसाठी टाकलेला. प्रवासी गाडी चालवायची तर फलाट, सिग्नल, फाटकं आणि रेल्वे सुरक्षा आयुक्तांची परवानगी लागते, आणि सायडिंगवरचा वेग बैलगाडीला लाजवणारा नसतो. गडचांदूर–आदिलाबाद मार्गाची मागणी जुनी आहे. तो झाला तरच ही गोष्ट बदलेल.

पोरांना सायडिंगवर नोकरी लागते का?

लोको पायलट, पॉइंट्समन, स्टेशन मास्तर या जागा रेल्वे भरती मंडळाच्या परीक्षेतून भरतात, कंपनीच्या शिफारशीचा उपयोग शून्य. सायडिंगच्या आतली कामं म्हणजे टिपलर, लोडर, शंटिंग, रूळ दुरुस्ती, पोती चढवणं. ती बहुतेक ठेकेदाराकडे असतात. फिटर आणि इलेक्ट्रिशियनचा आयटीआय असेल तर बरी जागा मिळते. ठेकेदार पीएफ कापतो पण भरत नाही, ही तक्रार सर्वात जास्त येते. हजेरीकार्ड आणि पीएफ खात्याचा यूएएन क्रमांक पहिल्याच महिन्यात मागून घ्या.